दोन वर्षांचे बिऱ्हाड

गेल्या श्रावणात एकाच आठवड्यात आमच्या घरी दोन पत्रे आली आणि घराचे सरळ दोन तट पडले. पत्रे माझ्या पुतणीच्या नावची होती. पत्रे म्हणायचे ते जुन्या सवयीने; आली ती संगणकावर. पण आमच्या दादांना कागद हातात घेतल्याखेरीज काही वाचल्यासारखे वाटत नाही, म्हणून तिने ती छापून आणली. पुतणीने रसायनशास्त्रात नुकतीच पीएच.डी. मिळवली होती. एक पत्र औषधांच्या एका मोठ्या कंपनीचे होते. कायमची जागा, घरापासून तासाभराच्या अंतरावर, प्रॉव्हिडंट फंड, सगळे यथासांग. दुसरे जर्मनीतल्या एका विद्यापीठाचे. तेथे संशोधक म्हणून दोन वर्षांची नेमणूक, पुढचे पुढे.

"म्हणजे अजून शिष्यवृत्तीच?" वहिनी म्हणाल्या. "अहो भाऊजी, बालवाडीपासून मोजलं तर ही पोर सव्वीस वर्षं शिकते आहे. डॉक्टर झाली ना? मग आता आणखी कसलं शिकायचं राहिलं?"

दादा काहीच बोलले नाहीत. त्यांनी दोन्ही कागद घडी करून चष्म्याच्या घराखाली ठेवले. शेजारच्या काकूंनी मात्र दवाखाना कुठे काढणार म्हणून चौकशी केली. मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, तेव्हा लवाद म्हणून माझी नेमणूक झाली. पुढच्या रविवारी निवाडा देईन, असे सांगून मी सुटका करून घेतली आणि मधले दिवस पुस्तकांत घालवले. डॉक्टरेट झालेल्या माणसाने पुन्हा दोन वर्षे कोणाच्या तरी प्रयोगशाळेत जाऊन राहायचे, ही रीत आली तरी कुठून, हे मला एकदा मुळापासून पाहायचे होते. मला ते का पाहायचे होते, ते पुढे सांगेन.

या जागेला मराठीत धड नाव नाही. ‘डॉक्टरेटोत्तर संशोधक’ असा शब्द परिपत्रकांत सापडतो, पण तो उच्चारताना जीभ दोनदा ठेचकाळते. मुले सरळ ‘पोस्ट-डॉक’ म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशा माणसाला ‘व्हिजिटिंग फेलो’ म्हणतात, म्हणजे पाहुणाच. मला विचाराल तर हे एक बिऱ्हाड आहे. घर आपले नव्हे, भाडे आपण भरायचे नाही, मुदत ठरलेली. पण चूल मात्र आपली आपण मांडायची.

पूर्वी हे बिऱ्हाडही मिळत नसे. एकोणिसाव्या शतकात विज्ञानाचे माहेर म्हणजे जर्मनी. तेथे शिक्षण झालेल्या तरुणाला संशोधन करायचे तर एकच दार होते, एखाद्या प्राध्यापकाचे मदतनीस होणे. प्राध्यापकाची मर्जी बसली तर बसली. १९०० साली झुरिचच्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेल्या एका तरुणावर ती कोणाचीच बसली नाही. त्याने अनेक प्राध्यापकांना पत्रे लिहिली, त्यांत लाइपझिगचे मोठे रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड हेही होते. उत्तर आले नाही. तेव्हा एप्रिल १९०१ मध्ये त्या मुलाच्या वडिलांनी, मुलाला न सांगता, ओस्टवाल्ड यांना स्वतः पत्र टाकले. वडील व्यापारी, विद्यापीठाशी संबंध नसलेले. मुलगा निराश झाला आहे, त्याला चार ओळी उत्तेजनाच्या लिहा आणि जमल्यास मदतनिसाची जागा द्या, अशी विनवणी त्यांनी केली. त्या पत्राचाही काही उपयोग झाला नाही. मुलाने पुढल्या वर्षी बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी धरली. मुलाचे नाव आल्बर्ट आइन्स्टाइन. नऊ वर्षांनी, १९१० साली, याच ओस्टवाल्ड यांनी नोबेल पारितोषिकासाठी त्याचे नाव सर्वांआधी सुचवले, ही त्यातली गंमत. मला मात्र त्या गोष्टीत आइन्स्टाइनपेक्षा त्याचे वडीलच अधिक दिसतात. मुलाच्या नकळत पत्र लिहायला बसलेला बाप कोणत्या घरात नसतो?

मदतनीस हा प्राध्यापकाचा माणूस. विद्यापीठाने स्वतःच्या पैशाने तरुण संशोधक पोसायचा, आणि त्याच्यावर शिकवण्याचे ओझे फारसे घालायचे नाही, ही कल्पना ठळकपणे पुढे आली ती अमेरिकेत. १८७६ साली बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ उघडले. त्याचे पहिले अध्यक्ष गिलमन यांनी वर्षाला पाचशे डॉलरच्या वीस फेलोशिप जाहीर केल्या. जे आले त्यांतल्या काहींजवळ डॉक्टरेट आधीच होती. म्हणजे वहिनींचा प्रश्न तेव्हाही कोणी तरी केलाच असणार.

पुढे पहिल्या महायुद्धानंतर रॉकफेलर प्रतिष्ठानाजवळ विज्ञानासाठी द्यायला पैसा होता. तो कसा खर्चावा यावर बराच खल झाला. एक मोठी संस्था उभारावी, तिला भव्य इमारत बांधावी, असा एक विचार होता. मिलिकन, हेल वगैरे शास्त्रज्ञ म्हणाले, इमारत नको, माणसे घ्या. नव्या डॉक्टरांना विद्यावेतन देऊन चांगल्या विद्यापीठांत पाठवा. १९१९ साली तसे ठरले आणि भौतिकी व रसायनशास्त्रासाठी पाच वर्षांचे पाच लाख डॉलर मंजूर झाले. ज्याने जेथे डॉक्टरेट केली त्याने तेथेच बसू नये, दुसरीकडे जावे, असाही आग्रह धरला गेला. मुलगी माहेरी राहिली तर तिला माहेरचाच स्वैपाक येतो, असे आमची आजी म्हणत असे. त्यातलाच हा प्रकार. रॉकफेलरांच्याच पैशातून थोड्याच वर्षांत युरोपातल्या तरुणांनाही विद्यावेतने मिळू लागली. म्यूनिकचा हायझेनबर्ग १९२४ साली कोपनहेगनला बोर यांच्याकडे गेला तो त्यावरच.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत राजाबाई टॉवरखालून रोज हजारो माणसे जातात. तो मनोरा शेअर बाजारातल्या प्रेमचंद रायचंदांनी आपल्या आईच्या नावाने बांधवला, हेही पुष्कळांना ठाऊक असते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि प्रेमचंदशेठ कापसाचे राजे झाले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि अर्धी मुंबई धुऊन निघाली, प्रेमचंदशेठही त्यातच. पण याच सुमारास या माणसाने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी पैसे दिले, तसेच दोन लाख रुपये कलकत्ता विद्यापीठालाही दिले, हे मुंबईकरांना सहसा माहीत नसते. त्या देणगीतून १८६६ साली प्रेमचंद रायचंद विद्यावृत्ती निघाली. मनोरा पुरा व्हायला १८७८ उजाडले. विद्यावृत्ती त्याच्या दहा वर्षे आधीच चालू झाली होती.

मुंबईच्या कापसाचा हा पैसा पुढे कोठे कोठे पोचला पाहा. १८९७ साली ती विद्यावृत्ती मिळाली जदुनाथ सरकारांना, आणि त्यातून औरंगजेबाच्या हिंदुस्थानावरचे त्यांचे पहिले पुस्तक झाले. शिवचरित्राचे अभ्यासक त्यांच्याशी भांडोत वा न भांडोत, त्यांना टाळून कोणालाच पुढे जाता आले नाही. १९१९ साली ती मिळाली मेघनाद साहा यांना. डाक्क्याजवळच्या खेड्यातल्या छोट्या दुकानदाराचा हा मुलगा, कलकत्त्याला डी.एस्‌सी. झालेला, विद्यापीठात शिकवणारा. ताऱ्यांच्या प्रकाशाची उकल त्यांनी कागदावर केली होती. ताऱ्यांचे वर्णपट वेगवेगळे दिसतात ते मुख्यतः तापमानामुळे, द्रव्ये निराळी म्हणून नव्हे, असे त्यांचे गणित सांगत होते. पण कागद ताडून पाहायला लागणारे वर्णपट कलकत्त्यात नव्हते. ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आल्फ्रेड फाउलर यांच्याजवळ होते. विद्यावृत्तीच्या बळावर साहा बोटीत बसले आणि काही महिने फाउलरांच्या प्रयोगशाळेत राहिले. तारकांच्या वर्णपटांवरचा निबंध त्यांनी तेथे पुन्हा नव्याने लिहिला आणि १९२१ साली तो रॉयल सोसायटीने छापला. मग बर्लिनला नेर्न्स्टकडे, आणि दोन वर्षांनी परत कलकत्त्याला, प्राध्यापक म्हणून. बिऱ्हाड कसे असावे, तर असे. जायला पैसा, तेथे काम, आणि परतायला घर.

पण परतायला घर हवे तर कधी कधी बिऱ्हाडच सोडावे लागते. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजला रँग्लर झाले, बक्षिसांमागून बक्षिसे मिळवली आणि पुढल्या संशोधनासाठी कॅलिफोर्नियाला जायच्या बेतात होते. तेवढ्यात पंडित मदनमोहन मालवीयांनी त्यांना गाठले आणि बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताची धुरा घ्यायला सांगितले. १९३२ साली नारळीकर बनारसला गेले. वय तेव्हा चोवीसही पुरे नव्हते. कॅलिफोर्नियाला गेले असते तर काय झाले असते, हा प्रश्न व्यर्थ आहे. बनारसला काय झाले ते मात्र सांगता येते.

१९४२ साली त्यांच्याकडे एक गुजराती तरुण आला. प्रल्हाद चुनीलाल वैद्य. शिक्षण मुंबईचे, वय चोवीस. त्याला सापेक्षतेवर काम करायचे होते. विद्यावेतन नव्हते, जागा नव्हती. साठवलेले थोडे पैसे होते, ते घेऊन तो बायको आणि तान्ही मुलगी यांच्यासह बनारसला येऊन राहिला. वर्ष कोणते, तर ‘चले जाव’चे. पैसे पुरले सुमारे दहा महिने. त्या दहा महिन्यांत, प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवती गुरुत्वाकर्षणाचे क्षेत्र कसे असेल याचे समीकरण त्याने सोडवले. १९४३ साली ते प्रसिद्ध झाले. ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने ते आज जगभर सापेक्षतेच्या पुस्तकांत आहे. पैसे सहाव्या महिन्यात संपते तर काय, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. नारळीकरांचे चिरंजीव जयंतराव पुढे केंब्रिजला गेले, तेथे किंग्ज कॉलेजची फेलोशिप मिळवून जवळजवळ दशकभर राहिले, १९७२ साली मुंबईला परतले आणि १९८८ साली त्यांनी पुण्यात आयुका उभी केली. तेथे अशा नव्या डॉक्टरांसाठी मुद्दाम जागा आहेत. जयंतराव २०२५ साली गेले. बापाने सोडलेले बिऱ्हाड मुलाने असे दुसऱ्यांसाठी बांधून दिले.

ज्या गोष्टीसाठी मी एवढी पाने चाळली ती मात्र पुढेच आहे. ती हरगोविंद खुरानांची.

मुलतानजवळचे रायपूर नावाचे खेडे. वस्ती शंभराच्या घरात. वडील पटवारी, म्हणजे आपले तलाठी; साऱ्या खेड्यात लिहिता-वाचता येणारे बहुधा हे एकच कुटुंब. मुलगा लाहोरला एम.एस्‌सी. झाला, सरकारी शिष्यवृत्तीवर १९४५ साली लिव्हरपूलला गेला आणि १९४८ साली डॉक्टर झाला. मधल्या काळात देशाची फाळणी झाली. मुलतान आणि लाहोर आता परक्या देशात होते.

खुराना घरी न परतता आधी झुरिचला गेले, व्लादिमिर प्रेलॉग यांच्याकडे. तेथे त्यांना विद्यावेतन नव्हते. अंगावर जे साठलेले होते त्यावर चालवायचे. ते प्रयोगशाळेतच झोपत आणि भात-दुधावर भागवत, असे सांगतात. पैसे संपले तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. हिशेबाच्या वहीत हे वर्ष शून्यच भरेल. पण त्या वर्षात जुनी जर्मन नियतकालिके चाळताना त्यांना कार्बोडायइमाइड नावाच्या संयुगांची माहिती भेटली. हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगतो. दोन रेणूंची गाठ मारायची तर पुष्कळदा मधला पाण्याचा एक रेणू काढून टाकावा लागतो. उष्णता देऊन पाणी काढावे तर नाजूक रेणू करपतात. हे संयुग ते पाणी हळूच स्वतः ओढून घेते आणि गाठ आपोआप बसते. दुधातले पाणी आटवायचे, पण दूध लागू द्यायचे नाही, अशातला हा प्रकार. पुस्तकात पडून राहिलेली ही युक्ती खुरानांनी लक्षात ठेवली.

१९४९ च्या शरदात ते भारतात आले. सरकारने खर्च केला, आता सरकारची चाकरी करायची, असा रिवाज होता. ते तयार होते. चाकरीच नव्हती. नव्या देशापुढे निर्वासितांचे तांडे होते, पंजाबचे विद्यापीठ लाहोरला राहिलेले. अशा वेळी सेंद्रिय रसायनाच्या एका तरुण डॉक्टराला बसवायचे कुठे? मी दोष देत नाही. पण कोणी तरी दोन वर्षांचे विद्यावेतन आणि प्रयोगशाळेतले एक टेबल दिले असते तर, हे मनात आल्यावाचून राहत नाही. काही महिन्यांत त्यांना केंब्रिजहून केनर आणि टॉड यांच्याबरोबर काम करण्यासाठी फेलोशिप मिळाली आणि ते पुन्हा इंग्लंडला गेले. १९५० ते १९५२ तेथे. मग कॅनडात व्हँकुव्हरला, जेथे साधने थोडी होती, पण मोकळीक हवी तितकी. १९६० साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात. झुरिचच्या जुन्या मासिकातली ती युक्ती या साऱ्या प्रवासात त्यांच्याबरोबर होती. तिच्या जोरावर त्यांनी न्यूक्लिक आम्लांचे तुकडे मणी ओवावेत तसे ठरवून ओवले. जीवपेशीतली लिपी चार अक्षरांची, शब्द तीन-तीन अक्षरांचे, म्हणजे एकूण चौसष्ट शब्द. कोणता शब्द कोणत्या अर्थाचा, हा कोश उलगडण्यात त्या ओवलेल्या माळांचा मोठा वाटा आहे. १९६८ साली खुरानांना नोबेल मिळाले. दोन वर्षांपूर्वीच ते अमेरिकेचे नागरिक झाले होते. आपण पुढल्या वर्षी त्यांना पद्मविभूषण दिले.

एवढ्यावर थांबलो असतो तर माझा निवाडा सोपा होता. जा म्हटले असते. पण लवादाने दुसरी बाजूही पाहायची असते. खुराना केंब्रिजला होते त्याच काळात, १९५१ च्या शरदात, तेथे जेम्स वॉटसन नावाचा अमेरिकन पोस्ट-डॉक येऊन दाखल झाला. त्याला विद्यावेतन मिळाले होते कोपनहेगनसाठी. तो मनानेच उठून केंब्रिजला आला. मंडळाने रागावून त्याचे पैसे कापले. तो बधला नाही, आणि दीड वर्षात त्याने व क्रिकने डीएनएचा पीळ उलगडला. त्याचे नाव झाले. पण त्या चौसष्ट शब्दांपैकी पहिला शब्द वाचला तो कोणी? खुरानांबरोबर १९६८ चे नोबेल ज्यांना मिळाले त्या निरेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत, मे १९६१ मध्ये, हाइनरिख मात्थाइ नावाच्या जर्मन पोस्ट-डॉकने. परदेशी विद्यावेतनावर आलेला, रात्र-रात्र जागून प्रयोग करणारा माणूस. पारितोषिक तिघांना मिळाले. तिघांत मात्थाइ नव्हता. बिऱ्हाडकरूने घरात विहीर खणली तरी सात-बारावर नाव मालकाचे लागते, हेही या रिवाजाचे एक अंग आहे आणि ते मुलीपासून लपवणे बरे नव्हे.

आपल्याकडे खुरानांसारख्यांसाठी सोय झाली ती १९५८ साली. परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांना कायमची जागा मिळेपर्यंत विद्यापीठात किंवा प्रयोगशाळेत सामावून घ्यायचे आणि दरमहा वेतन द्यायचे, अशी ‘सायंटिस्ट्स पूल’ची योजना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे आली. त्या माणसाला पूल ऑफिसर म्हणत. मी विद्यार्थी असताना आमच्या विभागात असे एक गृहस्थ होते. त्यांच्या खोलीच्या दारावर नावाची पाटी नव्हती. पाटी कायम झाल्यावर, असे कचेरीचे म्हणणे. आम्ही मुलांनी दारावर खडूने त्यांचे नाव लिहिले होते. झाडणारा दर सोमवारी ते पुसून टाकी आणि आम्ही दर सोमवारी पुन्हा लिहीत असू. आमच्या विभागात खऱ्या अर्थाने संशोधन करणारे तेच होते. मला प्रयोगवही लिहायला त्यांनी शिकवले.

आणि आता माझी गोष्ट. १९८६ साली माझी पीएच.डी. झाली तेव्हा मलाही असेच एक पत्र आले होते, निळ्या एरोग्रामवर. परदेशातल्या एका विद्यापीठातले प्राध्यापक, माझा एक निबंध वाचून, एका वर्षासाठी ये म्हणत होते. जमल्यास आणखी एक वर्ष. त्याच महिन्यात तालुक्याच्या गावी एका कॉलेजात लेक्चररची कायम जागा चालून आली. वडील आदल्या वर्षी गेले होते, ताईचे लग्न व्हायचे होते. मी कॉलेज धरले. घरासाठी थांबलो, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो.

ते अर्धेच खरे आहे. दादा तेव्हा मला म्हणाले होते, "तू जा. ताईचं मी बघतो." त्यांचा पगार बेताचाच होता, पण ते मनापासून म्हणाले होते. राहिलेले अर्धे असे की मला भीती वाटली. वर्ष संपले आणि दुसरे पत्र आले नाही तर? तिशीत हात हलवीत परत आलो तर लोक काय म्हणतील? एरोग्रामला मी नम्र नकार लिहिला. पुढे तीस-बत्तीस वर्षे शिकवले, मन लावून शिकवले, आणि त्याबद्दल मला खंत नाही. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकांपलीकडे माझ्या हातून काही झाले नाही. म्हणूनच निवाडा देताना मला माझीच धास्ती वाटत होती. जा म्हणावे तर तिच्या जिवावर मी माझे राहिलेले वर्ष पुरे करून घेतो आहे. थांब म्हणावे तर माझ्या थांबण्याला साक्षीदार शोधतो आहे.

रविवारी चहा झाल्यावर सगळे बसलो. मी प्रेमचंदशेठपासून सुरुवात केली. वैद्यांची तान्ही मुलगी वहिनींच्या मनात भरली, "बायकोनं कसं केलं असेल हो?" असे त्यांनी दोनदा विचारले. मला त्याचे उत्तर देता आले नाही. पुस्तकांत तेवढेच नसते. खुराना सांगितले, मात्थाइ सांगितला. पुतणी मात्थाइचे ऐकताना हसली. म्हणाली, "काका, आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं."

"इथे नाही का मिळत तसलं काही?" वहिनींनी विचारले. मिळते, असे पुतणीनेच सांगितले. केंद्र सरकारची राष्ट्रीय फेलोशिप आहे, तीही दोनच वर्षांची, साधारण पस्तिशीच्या आतल्यांसाठी. तिने तिथेही अर्ज केला होता. निकाल लागायचा होता. "आणि त्या दोन वर्षांनंतर?" यावर कोणीच काही बोलले नाही.

मग मी एरोग्रामचे सांगितले. सगळे, भीतीसकट. इतक्या वर्षांनी ते दादांसमोर बोलताना घसा कोरडा पडला. दादा चष्मा पुसत होते. म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. तू पत्र टाकून आलास त्या दिवशी जेवला नाहीस." एवढे बोलून त्यांनी चष्म्याच्या घराखालचे दोन्ही कागद काढले, आणि कोणता कोणाला हवा हे न विचारता दोन्ही मुलीच्या हातात दिले.

निवाडा द्यायचा राहूनच गेला. संध्याकाळी पुतणीने कंपनीला काय कळवायचे त्याचा मजकूर मला वाचायला आणला. तीन ओळींचा होता, विनयाचा. मी एक स्वल्पविराम घातला. ती पुसट हसली आणि म्हणाली, "काका, मलाही भीती वाटतेय." मी म्हटले, वाटणारच.

दसरा झाला की तिला निघायचे आहे. हे लिहितो आहे तेव्हा आत फराळाची आधीच धांदल चालू आहे, कारण दिवाळीला ती येथे नसेल. वहिनींनी सामानाची यादी केली आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुकर लहान. मघाशी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, त्या तुमच्या खुरानांना तिकडे तांदूळ कुठून मिळाले हो?"